हात मांडीखाली

आमच्या सरांनी कम्युनिटी कॉलेजात शिकवायला येण्याआधी अकरा वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. त्यामुळे कॉम्प्युटरच्या वर्गात ते मधूनच लिफ्टबद्दल बोलायला लागायचे आणि हे वहीत उतरवून घ्यायचं की नाही, असा प्रश्न पडून आम्ही अठरा जण एकमेकांकडे बघत बसायचो. त्यांचा एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला होता आणि तो पुसायची कुणाची हिंमत नव्हती. ‘ज्याने बनवलं, त्याने हात मांडीखाली.’

म्हणजे असं की कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, खऱ्या माणसाच्या खऱ्या कामासाठी. तो माणूस हा प्रोग्रॅम तासभर वापरणार आणि बनवणाऱ्याने शेजारच्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून, तोंड मिटून बसायचं. एक शब्द बोललात, बोट दाखवलंत, तर नापास.

“लिफ्ट दुरुस्त करणारा जन्मभर लिफ्टमध्ये उभा राहत नाही,” सर म्हणायचे. “तो घरी जेवत असताना चौथ्या मजल्यावरच्या आजींना बटण दाबता आलं पाहिजे.”

पास होणाऱ्यालाच पुढच्या कोर्सला, जिथे खरं प्रोग्रॅमिंग सुरू होणार होतं तिथे, जागा मिळणार होती. मला ती जागा हवी होती. माझं वनस्पतिशास्त्राचं पदवीपत्र तीन वर्षांपूर्वी एका ड्रॉवरमध्ये गेलं. त्याच्यावर लसीकरणाचं कार्ड आलं, त्याच्यावर तापाच्या औषधाचा ड्रॉपर, त्याच्यावर सुटे झालेले क्लिपांचे जोड. आता तो ड्रॉवर उघडताना अडकतो. घरी आलेलं कुणीही विचारायचं, “कोर्स का? बरं आहे, तेवढाच वेळ जातो.” मला वेळ घालवायचा नव्हता. वेळ कसा जातो ते मला चांगलंच माहीत झालं होतं.

मी काळजी करणारी बाई आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पेशा म्हणून सांगते आहे. गॅसचं बटण मी दोनदा बघते, झोपलेल्या मुलीच्या नाकापुढे अजूनही बोट धरते. नवरा म्हणतो, “तू दाराला कुलूप लावत नाहीस, त्याची उलटतपासणी घेतेस.” तर सातव्या आठवड्यात ‘जर’ आणि ‘नाहीतर’ हा धडा आला. सरांनी फळ्यावर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. माणसाने आपलं वय टाकायचं आणि मशीनने तिकीट अर्धं की पूर्ण ते सांगायचं. “यात काय काय चुकू शकतं?” त्यांनी विचारलं.

माझा हात वर गेला. म्हटलं, वय अक्षरात लिहिलं तर? काहीच लिहिलं नाही तर? सहा महिन्यांचं बाळ असेल तर? चुकून दोनदा दाबलं गेलं आणि तिनाचे तेहेतीस झाले तर? आजच वाढदिवस असेल तर? मी अकरा गोष्टी सांगितल्या. बाराव्याला सरांनी हात जोडले.

“ताई, आधी कुठे काम करत होता?”

“घरीच.”

“मुलं किती?”

“एक मुलगी.”

“एका मुलीत एवढं?”

“पहिलं आहे ना सर,” माझ्या शेजारचे शिंपीकाका म्हणाले. “दुसऱ्याला यातलं निम्मं उरत नाही. तिसरं तर आमचं आम्हीच शोधत होतो, तर ते कपाटात झोपलेलं.”

शिंपीकाकांचं दुकान दुपारी उघडायचं. सकाळी ते वर्गाला येत आणि सुई टोचावी तसं एका बोटाने टाइप करत. त्यांना मापांची यादी करणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. आणि मला काय लिहायचंय ते त्या अकरा ‘तर’च्या दिवशीच पक्कं झालं. कॉलेजच्या तळमजल्यावर पाळणाघर होतं. तिथे माझी अडीच वर्षांची मुलगी सकाळी नऊ ते एक असायची. तिला आम्ही सगळे मुंगी म्हणतो, कारण दिसेल ती वस्तू उचलून ती दुसरीकडे नेऊन ठेवते. पाळणाघर ज्यांच्या हाती होतं त्या मावशी एका जाड वहीत मुलं येताना-जाताना लिहून ठेवायच्या. कोणाला कोण न्यायला येऊ शकतं ते वेगळ्या फॉर्मवर, फॉर्म कपाटात, कपाटाची किल्ली मावशींच्या कमरेला. एक वाजता पालकांची झुंबड उडाली की त्यांच्या नाकी नऊ यायचे. मी त्यांना म्हटलं, हे सगळं मी तुम्हाला स्क्रीनवर करून देते.

मावशींनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. पाळणाघराचा नियम होता की मूल सोडलं, दार लागलं की काचेतून डोकवायचं नाही. मी डोकवत नसे. मी सूचनाफलकाच्या आडोशाला उभी राहून कान देत असे.

“करा,” मावशी म्हणाल्या. “फक्त फलकामागे उभं राहून करू नका. दाराखालून तुमच्या चपला दिसतात.”

तेवीस मुलांचे तेवीस फॉर्म मी मशीनमध्ये भरले. मूल नेणाऱ्या व्यक्तींसाठी प्रत्येक फॉर्मवर तीन ओळी होत्या. लोकांनी आजी, काका, शेजारीण अशी नावं भरली होती. एकाने तर मार्जिनमध्ये जाऊन पाच केली होती. मुंगीच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत माझं नाव होतं आणि खालच्या दोन ओळींवर आडवी रेघ. ती मीच मारली होती, प्रवेशाच्या दिवशी. नवऱ्याने तेव्हा विचारलं होतं, “मी पण नाही का?” मी म्हटलं होतं, “तू एक वाजता कामावरून येणार आहेस का?” तो म्हणाला, “नाही, पण नाव तरी.” आता मी ते जसं कागदावर होतं तसं मशीनमध्ये उतरवलं आणि पुढचा फॉर्म घेतला.

मंगळवारी माझी परीक्षा झाली. साडेबाराला पाळणाघराच्या दाराशी टेबल मांडलं, टेबलावर कॉलेजचा लॅपटॉप, लॅपटॉपसमोर मावशी, शेजारी मी हात मांडीखाली घालून, आणि मागे भिंतीला टेकून फाइल घेतलेले सर. पहिली सहा मुलं लोण्यासारखी गेली. मग हातात हेल्मेट धरलेले एक वडील आले. मी प्रोग्रॅममध्ये सामानाची यादी घातली होती. डबा आहे का, बाटली आहे का, टोपी आहे का. मावशी ‘हो’, ‘हो’, ‘हो’ करत शेवटच्या प्रश्नावर आल्या. मोजे दोन आहेत का?

मावशींनी मुलाचे पाय बघितले आणि प्रामाणिकपणे ‘नाही’ दाबलं.

स्क्रीनवर आलं, ‘मोजे शोधा.’ आणि त्याच्याखाली पुन्हा, ‘मोजे दोन आहेत का?’

मावशींनी गादीखाली बघितलं, खेळण्यांची टोपली उलटी केली. परत येऊन ‘नाही’ दाबलं. मोजे शोधा. मोजे दोन आहेत का?

“राहू दे हो मावशी तो मोजा,” हेल्मेटवाले म्हणाले.

“तुम्ही म्हणता राहू दे. हे म्हणत नाही.”

“मी लिहून देतो, मला एकच मोजा चालेल.”

“मला लिहून देऊन काय उपयोग? याला सांगा.”

मागे रांग जिन्यापर्यंत गेली. एका मुलाने बूट हातात घालून भिंतीवर चालायला सुरुवात केली. तिघांनी एकदम रडायला घेतलं. मावशी घामाघूम होऊन सहाव्यांदा ‘नाही’ दाबायला निघाल्या आणि माझ्या तोंडून गेलं, “मावशी, नुसतं ‘हो’ दाबा ना!”

मागे सरांनी फाइल मिटल्याचा आवाज आला.

“प्रोग्रॅम बंद पडला नाही, ताई,” ते नंतर म्हणाले. “त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. तुम्हीच गप्प राहिला नाहीत. शुक्रवारी पुन्हा. एकदाच.”

मावशी वहीकडे परतल्या. मोजा दहा मिनिटांनी मुंगीच्या फ्रॉकच्या खिशात सापडला.

घरी मी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या. शेंगा फोडता फोडता त्या म्हणाल्या, “मग शुक्रवारी मी येते मुंगीला न्यायला. तू निवांत बस परीक्षेला. तिच्याकडे एक डोळा आणि मशीनकडे एक, असं किती वेळ जमणार?”

“नको आई, दोन बस बदलाव्या लागतात. मी करते बरोबर.”

“हो, तू सगळंच करतेस,” त्या म्हणाल्या. “आम्ही आहोत फोटोत बसायला.”

बुधवारी मी वर्ग बुडवला आणि मावशींना विचारून त्यांच्या खोलीत कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसले. यावेळी वही माझ्या हातात होती. त्या काय करतात ते मी फक्त लिहून घेतलं. मावशी मोज्यांकडे बघतच नव्हत्या. आधी त्या मुलाचं तोंड बघायच्या, मग दारातल्या माणसाचं, मग पुन्हा मुलाचं. काही हरवलं असेल तर “टोपी उद्या” एवढंच म्हणून मूल द्यायच्या. आणि मग एक अनोळखी गृहस्थ आले. मी अमक्याचा मामा, म्हणाले. फॉर्मवर मामा नव्हता. मावशींनी त्यांना खुर्ची दिली, आतल्या बाजूला जाऊन मुलाच्या आईला फोन लावला आणि विचारलं, “कोणाला पाठवलंय का? कोणाला?” मामा हा शब्द त्यांनी स्वतः उच्चारला नाही. आईनेच तो उच्चारेपर्यंत थांबल्या. मग, “दिसतो कसा?” मग, “बरं.”

मला स्टुलावर बसल्या बसल्या वाटलं, अरेच्चा, ही बाई तर माझ्यासारखीच आहे. अकरा ‘तर’ तिच्याही डोक्यात आहेत. फक्त तिच्या प्रत्येक ‘तर’ला पुढे वाट आहे. माझा ‘तर’ तिथल्या तिथे गोल गोल फिरत होता.

माझा जुना प्रोग्रॅम अनोळखी माणसाला ‘मूल देता येणार नाही’ असं ठणकावून थांबत होता. गुरुवारी ती ओळ मी काढली. तिच्या जागी चार घातल्या. पालकांना फोन लावा. कोण आलंय ते पालकांनाच सांगू द्या. पटलं तर मूल द्या, आणि नाव यादीत कायमचं घालायचं का, ते विचारा. पटलं नाही, किंवा फोन उचलला गेला नाही, तर मूल देऊ नका. मोज्याच्या जागी ‘नाही’ म्हटलं की नुसती नोंद व्हायची आणि पुढे.

शिंपीकाकांनी शेजारून वाकून बघितलं. “आता बसला. मंगळवारी काखेत काचत होता.”

“पण काका, उद्या मी पुन्हा बोलले तर?”

“गिऱ्हाईकाने कपडा अंगात चढवला की शिंप्याने टेप गळ्यातून काढून ठेवायची. इथे ओढा, तिथे सोडा असं सांगत बसलात, तर कपडा चांगला असूनही त्याला वाटतं, काहीतरी गडबड आहे.”

शुक्रवारी मी त्याच खुर्चीवर बसले. फोन मांडीवर ठेवलेल्या पिशवीत, हात मांडीखाली. मावशींनी चष्मा पुसला. एकाची बाटली नव्हती, नोंद झाली, मूल गेलं. एकीचा एक मोजा नव्हता. माझे खांदे कानापर्यंत आले, पण नोंद झाली आणि ती अनवाणी पाय नाचवत गेली. दोन मुलांनंतर पुन्हा एक मोजा कमी. आणखी थोड्या वेळाने पुन्हा एक. प्रत्येक वेळी रांग पुढे सरकली. मला आतून इतकं बरं वाटायला लागलं की माझे हात मांडीखाली आहेत हेच मी विसरले.

एकला दहा कमी असताना दारात सासूबाई उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले, हातात केळ्यांची पिशवी.

“कोणाला न्यायचंय, आजी?” मावशींनी विचारलं.

“मुंगीला. माझी नात आहे.” मग त्यांना मी दिसले. “ही काय, ही इथेच बसलीये. अगं, दोन्ही बस लगेच मिळाल्या बघ. उगीच घाबरवतेस.”

मी जमिनीकडे बघितलं.

मावशींनी त्यांचं नाव विचारलं, टाइप केलं आणि स्क्रीन वाचली. “तुमचं नाव नाही यादीत.”

“माझं नाव नाही?”

“एकच नाव आहे.”

“कोणाचं?”

“आईचं.”

“आणि बापाचं?”

“नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “बापाचंही नाही. मग ठीक आहे. मला वाटलं, मी एकटीच बाहेर.”

मागे कोणीतरी हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, सांग ना यांना. बोलत का नाहीस?”

मी बोलले असते तर नापास. गप्प बसले तर माझ्या मुलीची सख्खी आजी दहा माणसांसमोर परकी. आणि मशीनचा काही दोष नव्हता. ती आडवी रेघ मी माझ्या हाताने मारली होती आणि माझ्याच हाताने उतरवली होती. आतून मुंगीने आजीला बघितलं आणि “आजी, केळं” म्हणून हाक मारली. मावशींनी मुलीचं तोंड बघितलं, आजीचं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण त्या स्क्रीनकडे वळल्या, कारण तिथे पुढची ओळ आली होती. पालकांना फोन लावा.

त्यांनी नंबर बघून फोन लावला. माझ्या मांडीवरची पिशवी वाजायला लागली.

सगळ्यांनी पिशवीकडे बघितलं. एक रिंग, दोन रिंगा. ज्याने बनवलं, त्याने हात मांडीखाली. पण हा फोन बनवणाऱ्याला नव्हता. पुढची ओळही माझीच होती, फोन उचलला गेला नाही तर मूल देऊ नका, आणि मावशी ती पाळणार यात मला शंका नव्हती. मी सरांकडे बघितलं नाही. उजवा हात काढला आणि फोन कानाला लावला.

“हॅलो.”

“पाळणाघरातून बोलतेय,” मावशी माझ्यापासून दोन हातांवर बसून, तोंड भिंतीकडे करून म्हणाल्या. त्या फोनवर नेहमी तशाच बोलायच्या. “मुलीला न्यायला कोणाला पाठवलंय का?”

“पाठवलं नव्हतं,” मी म्हटलं. “पण माझ्या सासूबाई आल्या असतील. मी नको म्हटलं होतं, म्हणजे आल्याच असतील.”

“दिसतात कशा?”

“दमलेल्या. हातात केळी आहेत.”

“मग देऊ?”

“द्या.”

“यादीत कायमचं घालायचं का, विचारतंय हे.”

“घाला. आणि मुलीच्या बाबांचंही घाला. खालच्या ओळीत.”

“बरं,” म्हणून मावशींनी फोन ठेवला आणि एकेक अक्षर शोधत दोन्ही नावं टाइप केली. मी हात परत मांडीखाली घातला. सासूबाईंनी मुंगीला कडेवर घेतलं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या, एक केळं पिशवीतून काढलं, माझे हात कुठे आहेत ते बघितलं आणि ते माझ्या मांडीवर ठेवून गेल्या. मुंगीचा आवाज व्हरांड्यातून दूर गेला, फाटकापाशी गेला, मग आलाच नाही. मी मान वळवली नाही. अजून सात मुलं जायची होती आणि मला ती बघायची होती.

दीडला सर पुढे आले. “ताई, तुम्ही बोललात.”

“प्रोग्रॅमबद्दल एक शब्द बोलले नाही, सर. मुलीच्या आईला फोन आला, तो तिने उचलला. उचलला नसता तर तिच्या हलगर्जीपणामुळे तुमची परीक्षा अडली असती.”

सरांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, मग खोडलं. “अकरा वर्षांत,” ते म्हणाले, “लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने मला फोन केला, असं पुष्कळदा झालं. तो माणूस मीच असं कधी झालं नाही.” मग ते मावशींकडे वळले. “वापरणाऱ्याचं मत शेवटचं. काय लिहू? पास?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” मावशी म्हणाल्या. “मला एवढं सांगा, सोमवारपासून ही वही ठेवायची कुठे?”

सरांनी लिहिलं. मी केळं सोललं आणि तिथेच खाल्लं.

घरी पोहोचले तेव्हा सासूबाई पंख्याखाली पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात मुंगी झोपली होती आणि तिच्या शेजारी फरशीवर तीन मोजे ओळीने मांडलेले होते. एक लाल, एक पट्ट्यापट्ट्यांचा, एक पिवळा.

“तिच्या खिशात निघाले,” सासूबाई म्हणाल्या. “एकही आपला नाही. आता कोणाचा कुठला, कसं कळायचं?”

“नोंदी आहेत ना,” मी म्हटलं. “तिघांचीही नावं आहेत, वेळेसकट.”

“आणि चोराचं?”

“ते घालावं लागेल.”

“घाल,” त्या म्हणाल्या. “एक ओळ रिकामी ठेव म्हणजे झालं.” आणि त्यांनी पट्ट्यापट्ट्यांचा मोजा उचलून त्याची घडी घातली.